काळ्या टोकाची मोरी म्हणजे नेमकी कोणती?

भाऊचा धक्का असो, ससून डॉक असो की रत्नागिरीचं मिरकरवाडा, ट्रॉलर रिकामा होऊ लागला की मोऱ्यांचा, म्हणजे शार्क माशांचा, ढीग वेगळा पडतो. त्यात हातभर मुशीपासून दोघांनी मिळून ओढायच्या धुडापर्यंत सगळं असतं. लिलावाच्या वहीत मात्र नोंद होते ती एकाच शब्दात, मोरी किंवा मुशी. भाव ठरवायला तेवढं पुरतं. जात लिहायची वेळ आली की बहुतेक जण परांची (फिन्सची) टोकं बघतात, ती काळी दिसली की 'ब्लॅकटिप' लिहून मोकळे होतात, आणि नोंद तिथेच बिघडते.

जात नीट लिहिण्याची गरज आता जास्त आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामातल्या सायटीस (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेत रेक्विम शार्कचं अख्खं कुल परिशिष्ट २ मध्ये गेलं आणि २५ नोव्हेंबर २०२३ पासून ते लागू झालं. म्हणजे या कुलातल्या माशाचं मांस, कातडी, तेल, काहीही देशाबाहेर पाठवायचं तर कागदावर जातीचं नाव हवं. परांची निर्यात भारताने २०१५ मध्येच सरसकट बंद केली आहे, आणि पर कापून धड समुद्रात फेकायला २०१३ पासून मनाई आहे. पर धडाला जोडलेले असताना मासा बंदरात आला तरच खाली सांगितलेलं सगळं जमतं, हा त्या नियमाचा ओळखीच्या दृष्टीने मोठा फायदा.

या कुलातली सर्वांत मोठी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) म्हणजे कार्कारायनस. तिच्यात आज सुमारे ३५ जाती धरतात. बुल शार्क, ब्लॅकटिप, स्पिनर, सिल्की, सँडबार, डस्की, ग्रे रीफ ही सगळी मंडळी हिच्यातलीच. अंगावर पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. वरून राखाडी किंवा तपकिरी, खालून पांढरं. न्यूझीलंडचे जॅक गॅरिक यांनी १९८२ मध्ये या प्रजातीची जी फेरमांडणी केली, ती परांच्या जागा, दात आणि मणक्यांची संख्या यांच्या मोजमापांवर उभी आहे. धक्क्यावर तोच क्रम सोपा करून वापरायचा. रंग सगळ्यात शेवटी.

आधी मासा कार्कारायनस आहे का, हे ठरवा. कल्ल्यांच्या फटी पाच, त्यातली शेवटची एक-दोन छातीच्या पराच्या वर आलेली. डोळ्यावर खालून सरकणारी पापणी. डोळ्यामागे छिद्र नाही. शेपटीच्या मुळाशी, वरच्या अंगाला, बोटाला लागेल अशी आडवी अर्धचंद्राकृती खाच. शेपटीच्या देठावर बाजूने धार नाही. धार असेल आणि डोळ्यामागे बारीक छिद्रही असेल तर तो टायगर शार्क, वेगळ्या प्रजातीतला. आणि पाठीचा दुसरा पर पहिल्यापेक्षा खूपच लहान.

लहान माशांत सगळ्यात जास्त घोळ होतो. महाराष्ट्राच्या बाजारात रोजच्या पाटीत दिसणारी छोटी मुशी बहुतेक वेळा स्कोलिओडॉन लॅटिकॉडस असते. ती पूर्ण वाढली तरी पाऊण मीटरच्या आसपास थांबते. ब्लॅकटिपचं पिल्लू जन्मतःच ३८ ते ७२ सेंटीमीटरचं आणि बुल शार्कचं ५५ ते ८० सेंटीमीटरचं असतं, म्हणजे पाटीत मुशी आणि ही पिल्लं एकाच मापाची दिसतात आणि एकाच भावाने जातात. एक पोटात पिल्लं धरण्याएवढी मोठी मादी, दुसरं आठवड्याचं पोर. फरक बघायला पाठीचा दुसरा पर आणि त्याच्या खालचा गुदपर एकत्र बघा. स्कोलिओडॉनमध्ये दुसरा पर गुदपराच्या बराच मागे, जवळजवळ त्याच्या शेवटच्या भागावर सुरू होतो. कार्कारायनसमध्ये तो गुदपराच्या वरच, थोडा पुढे-मागे, सुरू होतो. स्कोलिओडॉनचं मुस्कट लांब, चपटं आणि कडेला पातळ असतं. मिल्क शार्क, म्हणजे रायझोप्रायोनोडॉन अक्युटस, हाही याच पाटीत सापडतो. त्याचाही दुसरा पर मागे असतो आणि तोंडाच्या कोपऱ्यातल्या चुण्या चांगल्या लांब असतात. कार्कारायनसच्या चुण्या आखूड, तोंड मिटलं की जवळजवळ दिसत नाहीत.

पिल्लू आहे अशी शंका आली की उलटं करून छातीच्या दोन परांच्या मध्ये बघा. कार्कारायनसच्या सगळ्या जाती वार आणि नाळेवर पिल्लं वाढवतात, त्यामुळे जन्मानंतर तिथे नाळेची खूण राहते. नोंद तीन प्रकारांत करा: उघडी जखम, मिटत आलेली चीर, भरून फक्त रेघ उरलेली. उघडी जखम असलेली पिल्लं एखाद्या खाडीच्या तोंडाशी ठरावीक महिन्यांत सारखी येत असतील तर तिथे जवळच ती जन्मतात असं धरायला हरकत नाही. या एका नोंदीला खर्च काही नाही, वेळ पाच सेकंद, आणि तरी ती सगळ्यात कमी ठिकाणी केलेली आढळते. बहुतेक जातींचा गर्भकाळ दहा ते बारा महिन्यांचा, ब्लॅकटिपच्या एका वेताला साधारण चार ते सात पिल्लं, तेही वर्षाआड. पिल्लांची एक पाटी म्हणजे किती मादींची वर्षं, याचा हिशेब त्यावरून लागतो.

मोठ्या माशाकडे वळलं की पहिला प्रश्न: पाठीच्या दोन परांच्या मध्ये वळ आहे का? हात ओला करा आणि अंगठा पाठीच्या मध्यरेषेवर आडवा फिरवा, डावीकडून उजवीकडे. वळ असेल तर कापडाच्या दुमडलेल्या शिवणीसारखा बारीक उंचवटा अंगठ्याखाली अडतो. डोळ्यांनी बघून ठरवू नका. बर्फात दोन-तीन दिवस दबलेल्या माशाची कातडी सुरकुतते आणि नसलेला वळ दिसायला लागतो; ऊन लागलेल्या माशाचंही तेच. अशा वेळी मासा सरळ ताणून, कातडी दोन्ही बाजूंनी सपाट करून पुन्हा चाचपा. खरा वळ कातडी ताणली तरी राहतो.

वळ नाही असं ठरलं आणि मुस्कट लांब, टोकदार निघालं, तर आपण त्या काळ्या टोकांच्या गोंधळात येऊन पोचतो. ब्लॅकटिप, म्हणजे कार्कारायनस लिंबाटस, आणि स्पिनर, म्हणजे कार्कारायनस ब्रेव्हिपिन्ना, हे दोघे एकाच जाळ्यात येतात आणि सर्रास एकाच नावाने लिहिले जातात. दोघेही माशांच्या थव्याखालून गिरक्या घेत पाण्याबाहेर उडतात, तेव्हा तांडेलाने (नावेच्या म्होरक्याने) 'उडी मारताना पाहिला' म्हटलं तरी उपयोग नाही. पाठीचा पहिला पर कुठे सुरू होतो ते बघा. छातीचा पर अंगाला चिकटवून मागे दुमडा. ब्लॅकटिपमध्ये पाठीचा पर छातीच्या पराच्या मुळावर किंवा किंचित मागे सुरू होतो. स्पिनरमध्ये तो छातीच्या पराच्या मागच्या मोकळ्या टोकाच्याही मागे सरकलेला असतो, आणि त्यामुळे पुढचा भाग लांबुडका, पर लहान वाटतो. मग गुदपर: मोठ्या स्पिनरचा गुदपर काळ्या टोकाचा, ब्लॅकटिपचा बहुधा पांढरा, साधा. शेवटी दात. ब्लॅकटिपचे वरचे आणि खालचे दोन्ही दात करवती कडांचे. स्पिनरच्या खालच्या दातांच्या कडा गुळगुळीत. नख हळूच कडेवरून ओढलं तरी कळतं, पण जबडा मेलेल्या माशाचाही कापतो, त्यामुळे आधी लाकडाचा तुकडा जबड्यात अडकवा.

गंमत अशी की स्पिनरच्या पिल्लांच्या परांवर काळी टोकं नसतातच. ती वाढताना येतात. म्हणजे टोकांवर विसंबणारा माणूस पिल्लांत स्पिनर ओळखणारच नाही आणि मोठ्यांत त्याला ब्लॅकटिप म्हणेल. दोन्हीकडून चूक. भरीला बर्फाचं पाणी आणि ऊन काळा रंग फिका करतात, आणि जाळ्याने घासलेली टोकं पांढरी पडतात. आपल्या किनाऱ्यावर तिसराही एक आहे, ग्रेसफुल शार्क, कार्कारायनस अँब्लिऱ्हिंकॉइडेस. अंगलट ब्लॅकटिपचीच, पण मुस्कट आखूड, पाचरीच्या आकाराचं आणि डोळा मोठा. हा ओळखायला मुस्कटाचा खालून काढलेला फोटो लागतो. बाजूने काढलेल्या फोटोवर वाद घालण्यात अर्थ नाही.

वळ असलेल्यांमध्ये आपल्याकडे नेहमी सापडणारा म्हणजे स्पॉटटेल, कार्कारायनस सोराह. लांबी दीड मीटरच्या आसपास. पाठीचा दुसरा पर, छातीचे पर आणि शेपटीची खालची पात यांची टोकं गडद काळी, ठसठशीत, पहिल्या पराचं टोक नुसतं काळसर, गुदपर कोरा. दुसरा पर अगदी बुटका आणि त्याची मागची आतली कड लांब. फक्त दुसऱ्या परावरच काळा डाग आणि बाकी सगळं साधं असेल, मासा मीटरभराचा असेल, तर व्हाइटचीक गट, आपल्या बाजूला मुख्यतः कार्कारायनस डुसुमिएरी. खोल समुद्रात लाँगलाइन टाकणाऱ्यांच्या मालात सिल्की, कार्कारायनस फाल्सिफॉर्मिस, येतो: वळ आहे, पहिला पर छातीच्या पराच्या मोकळ्या टोकामागे, आणि दुसऱ्या पराची आतली कड त्याच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. सँडबारचा पहिला पर इतका उंच आणि इतका पुढे असतो की एकदा पाहिला की पुन्हा पट्टी लावावी लागत नाही.

सोराहसारखा दिसणारा प्रत्येक मासा लगेच सोडून देऊ नका. पाँडिचेरी शार्क, कार्कारायनस हेमिओडॉन, याच्या छातीच्या परांवर, दुसऱ्या परावर आणि शेपटीवरही काळी टोकं असतात, लांबीही मीटरभराचीच. म्युलर आणि हेन्ले यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे नमुने विसाच्या आतच आहेत. त्याच्या वरच्या जबड्यातल्या दातांत फरक सापडतो: मधला सुळा अरुंद आणि गुळगुळीत कडेचा, पण बुडाशी मोठे ठळक दाते. सोराहचा दात टोकापर्यंत करवती. म्हणून सोराह लिहिण्याआधी ओठ वर करून एक फोटो घ्यायची सवय लावा. हा मासा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे; खरोखर तसा दात दिसला तर सुरी लावू नका, फोटो काढा आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा. जाळ्यात जिवंत सापडला आणि जाळं कापून सोडला, तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, ते मोबाइलवर काढलेले चालतात.

आता आखूड, रुंद, गोल मुस्कटाचे, वळ नसलेले, जाड अंगाचे मोठे मासे. इथे चूक महागात पडते, कारण बुल शार्क, म्हणजे कार्कारायनस ल्यूकास, खाडीत आणि नदीत शिरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाचा शार्कने चावा घेतला, तेव्हा बातम्यांत नाव आलं ते याचंच. समुद्रातला शार्क रक्तात युरिया साठवून खारटपणाशी तोल राखतो; गोड्या पाण्यात तोच युरिया आणि मीठ अंगात पाणी खेचून घेतं. बुल शार्क गोड्या पाण्यात गेला की रक्तातला युरिया कमी करतो, मीठ बाहेर टाकणाऱ्या गुदग्रंथीचं काम मंदावतो आणि भरपूर पातळ लघवी करून आत येणारं पाणी काढून टाकतो. १९३७ मध्ये तो मिसिसिपी नदीत अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या ऑल्टनपर्यंत पकडला गेला. निकाराग्वा सरोवरातले शार्क ही तळ्यात कोंडलेली वेगळी जात आहे, असं बराच काळ मानत. खुणेच्या पट्ट्या लावल्यावर कळलं की ते सान हुआन नदीतून समुद्रात ये-जा करतात.

याचा जुळा भासणारा म्हणजे पिगआय, कार्कारायनस अँबॉइनेन्सिस, आणि तोही अरबी समुद्रात भरपूर. दोघांना वेगळं करायला पट्टी लागते. पाठीच्या दोन्ही परांची उभी उंची मोजा: पर सरळ उभा धरा, पायापासून टोकापर्यंत लंबरेषेत, कडेच्या वळणावरून नाही. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ३.१ पेक्षा कमी आलं तर बुल शार्क, जास्त आलं तर पिगआय. पहिला ३० सेंटीमीटर आणि दुसरा १०.५ असेल तर २.८६, बुल शार्क. पहिला ३० आणि दुसरा ८.५ तर ३.५, पिगआय. पराचं टोक झिजलेलं किंवा जाळ्याने फाटलेलं असेल तर हे गणित सोडून द्या, कारण दुसऱ्या परावर एक सेंटीमीटर गेला तरी निकाल उलटतो. अशा वेळी मणके मोजायचे. शेपटीच्या खाचेपर्यंतचे मणके बुल शार्कमध्ये १०१ ते १२३ आणि पिगआयमध्ये ८९ ते ९५ असतात. दोन आकड्यांची सरमिसळ नाही. तुकडे पाडणाऱ्याला कणा अख्खा ठेवायला सांगितलं तर कापल्यावरही मोजता येतात. मोठ्या माशाच्या बाबतीत हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग, आणि तरी तो फारसा कोणी वापरत नाही.

याच ढिगात तिसरी शक्यता आहे, आणि ती कार्कारायनस नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर सुमारे २६६ सेंटीमीटर लांबीची गंगा शार्कची, म्हणजे ग्लिफिस गँजेटिकसची, मादी नोंदवली गेली. हा मासा बुल शार्क म्हणून सहज खपला असता. ग्लिफिसचा पाठीचा दुसरा पर पहिल्याच्या निम्म्याएवढा असतो, बुल शार्कचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. डोळे अगदी बारीक. खालच्या जबड्यातले पुढचे दात लांब, अरुंद, तोंड मिटलं तरी बाहेर डोकावणारे. आणि शेपटीच्या मुळाची खाच आडवी नसून लांबट, अंगाच्या दिशेत. ही लांबट खाच आणि मोठा दुसरा पर लॅमिओप्सिस या आपल्याच किनाऱ्यावरच्या रुंद छातीपरांच्या शार्कमध्येही असतो, पण तो बराच लहान राहतो. आडवी खाच सापडेपर्यंत कार्कारायनस लिहायचंच नाही, हा नियम पाळला तर हे दोन्ही आपोआप बाजूला पडतात. गंगा शार्कही अनुसूची १ मध्येच आहे.

हार्डनोज, कार्कारायनस मॅक्लोटी, ओळखायला डोळेही लागत नाहीत. मीटरभराचा, साध्या राखाडी परांचा मासा हातात घ्या आणि मुस्कट दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबा. बाकीच्यांचं कूर्चेचं मुस्कट थोडं दबतं. याच्या मुस्कटातली कूर्चा इतकी कॅल्शियमने भरलेली असते की दगड लागतो. पाठीच्या परांची मागची टोकं लांब, शेपटीकडे ओढलेली. लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवरचे ब्लॅकटिप रीफ, ग्रे रीफ आणि सिल्व्हरटिप मुंबई-कोकणच्या धक्क्यांवर क्वचितच येतात. पहिल्याच्या पाठीच्या परावर काळ्या टोकाखाली पांढरा पट्टा, दुसऱ्याच्या शेपटीला मागून काळी किनार, तिसऱ्याच्या परांना पांढरी, एवढं पुरे.

हे सगळं बारीक काम बाजारात उभं राहून करण्यात काही राम आहे का, असं वाटत असेल तर स्मूदटूथ ब्लॅकटिपकडे बघा. कार्कारायनस लिओडॉन ही जात गॅरिक यांनी १९८५ मध्ये येमेनच्या किनाऱ्यावर १९०२ मध्ये मिळालेल्या एकाच नमुन्यावरून मांडली होती. १९०२ नंतर शंभर वर्षं दुसरा नमुना नाही. २००८ मध्ये तो पुन्हा सापडला कुवेतच्या मासळीबाजारात, विक्रीला मांडलेल्या शार्कच्या रांगेत. वरवर बघणाऱ्याला तोही काळ्या टोकाचा आणखी एक मासाच होता.

नोंद करताना लांबी कशी मोजली ते लिहा. एकूण लांबी म्हणजे मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या वरच्या पातीच्या टोकापर्यंत, पण कोणी शेपटी नैसर्गिक स्थितीत ठेवून मोजतात, कोणी खाली ओढून अंगाच्या रेषेत आणून. मोठ्या माशात दोन्हींत बऱ्याच सेंटीमीटरचा फरक पडतो. टेप जमिनीवर, माशाच्या शेजारी सरळ. पोटाच्या फुगवट्यावरून नेली की लांबी वाढते. शेपटीच्या दुबेळक्यापर्यंतची लांबीही घ्या, कारण शेपटीचं टोक तुटलेलं असलं तरी ती मिळते. नर असेल तर श्रोणिपराजवळचे मिथुनांग कडक झालेत की लवचीक, हे लिहा. कडक म्हणजे वयात आलेला. फोटो पाच: अख्खा मासा डाव्या बाजूने पट्टीसह, मुस्कट खालून, ओठ वर करून वरचे दात, पहिला पर आणि छातीचा पर एकाच चौकटीत, आणि दुसरा पर गुदपरासह. पहिल्या एका फोटोवर कुणी जात सांगत असेल तर ती तितकीच घ्या.

डीएनएसाठी पराच्या मागच्या कडेचा नखाएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात. अनुसूचीतल्या माशाला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. हँड सॅनिटायझर किंवा फॉर्मलिन चालत नाही, फॉर्मलिनमुळे डीएनए तुटतो. सुरी प्रत्येक माशानंतर पुसून घ्या, नाहीतर आधीच्या माशाची जात पुढच्याच्या नावावर लागते. आणि ब्लॅकटिप गटात प्रयोगशाळेचा निकालही डोळे मिटून घेऊ नका: नेहमीचा एक जनुक तपासणारी बारकोड पद्धत लिंबाटस आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांत गोंधळते. ऑस्ट्रेलियात लिंबाटस आणि टिल्स्टोनी (ऑस्ट्रेलियन ब्लॅकटिप) यांचे संकर २०१२ मध्ये नोंदवले गेले आहेत, आणि हा जनुक फक्त आईकडून येत असल्याने संकरात तो आईचीच जात दाखवतो. तिथेही शेवटी कणा सोलून मणके मोजावे लागतात.